नदीवर जावयाचें, पण कोठें?

वैशाख लागला, आंब्यांची पहिली अढी उतरली आणि मुलांच्या शाळांस सुटी पडली, कीं प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एक प्रश्न ठरलेल्या वेळीं उपस्थित होतो. दुपारच्या जेवणानंतर वडील माणसें पंख्याखालीं आडवीं झालेलीं असतात, बायका कुरडया-पापडांच्या राखणींत गुंतलेल्या असतात, आणि मुलें एकमेकांस ढोसून त्यांतल्या एकास पुढें करतात. पुढें झालेलें मूल विचारतें, "आपण नदीवर पोहायला कधीं जायचें?" 'कधीं' याचें उत्तर सोपें असतें, उद्यां, नाहीं तर परवां. 'कोठें' याचें उत्तर मात्र आम्हीं आजवर कधीं नीट शोधलेंच नव्हतें. जेथें आपले वडील गेले तेथें आपण जावें, एवढाच आमचा नियम होता. गेल्या उन्हाळ्यांत पाटण मुक्कामीं हा नियम आम्हांस फार महागांत पडण्याची वेळ आली होती. त्याची हकीकत, आणि तीवरून आम्ही जें शिकलों तें, वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

पाटण हें आमच्या मातोश्रींचें माहेर. कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता मल्हारपेठ ओलांडून पुढें गेला, कीं दोन्ही अंगांचे डोंगर हळूहळू जवळ येऊं लागतात, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या सपाटीवर, कोयना व केरा या नद्यांच्या संगमाशीं, हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. पाठीशीं दातेगड उभा आहे. पुढें हाच रस्ता हेळवाकवरून कुंभार्ली घाटानें कोंकणांत उतरतो. मातोश्रींचा जन्म ज्या घरांत झाला तें जुनें घर ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेच्या भूकंपांत पडलें. त्याच जोत्यावर मामांनीं मागाहून घर बांधलें, आणि दर उन्हाळ्यांत निदान आठ दिवस तरी आमचा सारा गोतावळा तेथें जाऊन पडतो.

कोयनेची वाट मोठी चमत्कारिक आहे. महाबळेश्वरीं उगम पावून ती सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सुमारें पासष्ट किलोमीटर थेट दक्षिणेस जाते. हेळवाकपाशीं ती काटकोनांत पूर्वेकडे वळते, पाटणावरून पुढें येते, वाटेंत केरा, मोरणा आणि वांग यांना पोटांत घेते आणि कराडास कृष्णेस मिळते. तेथें दोन्ही नद्या अगदीं समोरासमोर येऊन भेटतात म्हणून त्या संगमास प्रीतिसंगम म्हणतात. ज्या मुलखांत एवढ्या नद्या आहेत तेथें पोहण्याच्या जागेची वाण कशाला पडेल, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें.

आदल्या रात्रीं अंगणांत सभा भरली. लहानमोठीं मिळून आम्ही तेरा माणसें होतों आणि मतें तेराहून अधिक होतीं. धाकट्या बंधूंनीं धरणामागचा शिवसागर जलाशय सुचविला. मामांनीं मान हलविली. "अरे, तो तलाव नव्हे, तो बुडालेला डोंगर आहे," ते म्हणाले. "कांठावरून चार पावलें पुढें गेलास तर पायाखालीं दरी. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें म्हणजे मधें नुसता चिखलाचा उतार." शिवाय जलाशयाच्या भोंवतीं १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे, आणि २०१० पासून तें सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. तेथें जावयाचें तें नियम पाळून पाहावयास जावें, पोहावयास नव्हे.

वहिनींनीं नवजाच्या ओझर्डे धबधब्याचें नांव काढलें. पण धबधबा हें श्रावणाचें वैभव. वैशाखांत तेथें जाऊन पाहुण्यांनीं काळा कडाच पाहावयाचा. एका पुतण्यानें दातेगडावरील विहीर सुचविली. ही विहीर खडक फोडून केलेली आहे आणि तिच्या खोल पायऱ्या उतरून खालीं पाण्याशीं जातां येतें. कोणीही एकदां तरी मुद्दाम जाऊन पाहावी अशी ती आहे. पण पायऱ्यांच्या विहिरींत उतरून अंग बुडविण्याच्या चालीनें आपल्या देशाचें किती नुकसान केलें तें नव्या पिढीस ठाऊक नाहीं. नारूचा रोग पसरत असे तो याच वाटेनें. रोगी पाण्यांत उतरला कीं कृमीचीं पिलें पाण्यांत पडत, आणि तेंच पाणी प्यालेल्याच्या पोटांत जात. पायऱ्या बुजवून, पाणी गाळून, घरोघर सांगून हा रोग हटविण्यांत आला आणि सन २००० मध्यें भारत नारूमुक्त जाहीर झाला. पिण्याच्या पाण्यांत उतरावयाचें नाहीं हा धडा त्यांतूनच मिळाला. तेव्हां विहीर बाद झाली.

चाफळास जावें, म्हणजे मांड नदीही होईल आणि समर्थांनीं १६४८ सालीं स्थापिलेल्या श्रीरामाचें दर्शनही घडेल, असें एक मत पडलें. दर्शनाविषयीं दुमत नव्हतें. परंतु मांड नदी लहान, आणि उन्हाळ्यांत तिच्या पाण्याचा भरंवसा नाहीं. कराडच्या संगमाविषयीं थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व अप्पा म्हणतों, फार आग्रही होते. पण समोरासमोरून येणारे दोन प्रवाह जेथें आदळतात तेथें भोंवरे पडतात आणि तळची वाळू एका जागीं राहात नाहीं. घाटावर बसून तांब्यानें स्नान करणें निराळें आणि मुलांस पोहावयास सोडणें निराळें. आमच्या एका भाचीनें औदुंबर सुचविलें. तेथें दत्ताचें स्थान आहे, कृष्णेचें विस्तीर्ण पात्र आहे आणि दाट झाडी आहे. यावर मात्र मामा गंभीर झाले. सांगली जिल्ह्यांत, भिलवडी-औदुंबरापासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेंत मगरी आहेत, आणि त्यांनीं माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडलेल्या आहेत. उन्हाळा हा तर त्यांचा विणीचा काळ. मादी कांठच्या वाळूंत अंडीं घालते आणि पावसापूर्वीं पिलें बाहेर पडेपर्यंत ती जागा राखते. आपण जिला निवांत वाळू समजून सतरंजी अंथरतों ती कदाचित् तिच्या घराची ओसरी असावयाची. देवदर्शनास खुशाल जावें. पाण्यांत उतरण्यापूर्वीं मात्र कांठच्या लोकांचें ऐकावें.

अशा रीतीनें एकेक जागा पडत गेली. तेव्हां इतका वेळ वाती वळीत बसलेल्या मातोश्री म्हणाल्या, "आणि माझी कोयना काय वाईट आहे?"

मग त्यांनीं आपल्या लहानपणचा उतार आम्हांपुढें उभा केला. गांवच्या खालच्या अंगास, नदी जेथें पसरट होते तेथें, बैलगाड्या पलीकडे जात. वैशाखांत पाणी घोट्याएवढें असे. मधें एक सपाट धोंड होती. तिच्यावर मुली केंस वाळवीत बसत. धोंडीच्या खालीं डोह होता, आणि त्या डोहांत मातोश्री नवव्या वर्षीं पोहावयास शिकल्या. मुलगे पांगाऱ्याचा बिंडा पाठीस बांधीत. मुलींकरितां आजोबांनीं दोन सुके भोपळे एकत्र बांधून सांगड केली होती. "ऊन उतरलें कीं आम्ही सहाजणी जात असूं," त्या म्हणाल्या. "कोणाला भीति म्हणून ठाऊक नव्हती." हें ऐकून सभेचा निकाल एकमतानें लागला. मामांना दुसऱ्या दिवशीं कचेरींत काम होतें म्हणून ते येणार नव्हते. निजतांना त्यांनीं एवढें सांगितलें, "पाणी सुटलें आहे काय, तें कोणाला तरी विचारून मग उतरा." आम्हीं तें ऐकलें, परंतु एका कानानें.

सकाळीं आठ वाजतां निघालों. केरेच्या पुलावरून खालीं पाहिलें तों पात्रांत नुसते धोंडे आणि मधून मधून डबकीं. तेथून कोयनेवर आलों, तर ती मात्र भरून वाहत होती. एकाच गांवच्या दोन नद्यांत एवढें अंतर कां, हा प्रश्न तेव्हां आमच्यापैकीं एकाही शिकलेल्या माणसास सुचला नाहीं. उंसाच्या बांधावरून वळणें घेत आम्ही उतारावर पोंचलों. मातोश्रींनीं एका जुन्या उंबरावरून जागा ओळखली आणि त्यांचा चेहरा असा उजळला कीं आमची राहिलीसाहिली शंकाही मावळली. धोंड होती तेथेंच होती. कांठापासून पंधराएक पावलें. मधलें पाणी मुलांच्या गुडघ्यास लागेल एवढें. पाणी स्वच्छ होतें, तळचे गोटे दिसत होते, आणि भर वैशाखांत तें इतकें थंड होतें कीं पाय घालतांच मुलें किंचाळलीं. आम्हीं त्यालाही नदीचा गुणच समजलों.

तासभर मोठा आनंद झाला. नंतर चार मुलें धोंडीवर जाऊन तिखटमीठ लावून कैऱ्या खात बसलीं. आमची सोळा वर्षांची पुतणी थोडी खालच्या बाजूस पोहत होती. वहिनी डबे उघडीत होत्या, आणि आम्ही एका वाळुंजाच्या सांवलींत वर्तमानपत्र वाचीत पडलों होतों. जवळच एक बाई वाकळा धूत होती. ती एकाएकीं आपटणें थांबवून म्हणाली, "दादा, पोरास्नी धोंडीवरनं आना. पानी चढतंय."

आम्हीं वर पाहिलें. आकाशांत ढगाचा ठिपकाही नव्हता. हंसून म्हटलें, "मावशी, पाऊस कोठें आहे?"

"पावसाचं न्हाई, धरनाचं हाय. ह्यो माजा खुंटा बगा." तिनें आल्याबरोबर पाण्याच्या कडेस एक काटकी रोंवून ठेविली होती. ती आतां कांठापासून हातभर आंत उभी होती.

अप्पा आणि धाकटे बंधू धांवत पाण्यांत शिरले. पंधरा पावलांचें अंतर तेवढेंच होतें, परंतु पाणी तें राहिलें नव्हतें. गुडघ्याचें तें कमरेस आलें होतें आणि पायाखालचे गोटे सरकत होते. दोघांनीं दोन मुलांस खांद्यावर आणलें, परत जाऊन तिसरीस उचललें. चौथा, दहा वर्षांचा आमचा धाकटा पुतण्या, एकटें राहण्याच्या भीतीनें आपणच पाण्यांत उतरला आणि त्याचा पाय सुटला. तो ओरडला नाहीं. ही गोष्ट आम्हांस आजही रात्रीं आठवते. डोकें एकदां दिसलें, मग हात दिसला, आणि पाणी त्याला डोहाच्या बाजूस नेऊं लागलें. खालच्या अंगास असलेल्या पुतणीनें त्याला दंडास धरलें, पण प्रवाहाविरुद्ध त्याला आणणें तिच्या शक्तीबाहेरचें होतें. तेव्हां त्या बाईनें धुतलेलें ओलें लुगडें दुहेरी पिळून त्याचें टोंक पाण्यांत फेंकलें. पहिल्यांदा तें चुकलें. दुसऱ्यांदा पुतणीच्या हातीं लागलें, आणि आम्ही चौघांनीं मिळून दोघांस कांठीं ओढलें.

मूल पुष्कळ पाणी प्यालें होतें. तें ओकलें, खोकलें आणि मग रडूं लागलें; तें रडणें ऐकून वहिनी मटकन् खालीं बसल्या. डबे आणि चपला वाहून गेल्या होत्या. जेथें मुलें बसलीं होतीं ती धोंड थोड्याच वेळांत पाण्याखालीं दिसेनाशी झाली. मातोश्री तिकडे पाहात होत्या. "ही माझी नदी नव्हे," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या बाईनें फाटलेलें लुगडें घडी करीत म्हटलें, "वाकळा धुवायला आल्ये व्हते, पोर धुवून काढलं," आणि त्या तिच्या बोलण्यानें आम्हांस प्रथम श्वास घेतां आला.

संध्याकाळीं मामांनीं जें समजावून दिलें तें वस्तुतः आम्हांस आधींच ठाऊक असावयास हवें होतें. १९६२ च्या सुमारास कोयनेचें पाणी धरणांत अडूं लागलें. धरणाची उंची १०३ मीटर आणि साठवण १०५ अब्ज घनफुटांहून अधिक. या पाण्याचा मोठा भाग, वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांच्या मर्यादेपर्यंत, बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन पोफळीकडे वीज करण्यांत येते, आणि तें पाणी वाशिष्ठी नदीनें अरबी समुद्रास मिळतें. उरलेल्यांतून पूर्वेकडील शेतीस पाणी सोडावयाचें तें धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहांतून. तेथें दोन संच आहेत. एक संच चालूं झाला कीं सेकंदास १०५० घनफूट, म्हणजे सुमारें तीस हजार लिटर पाणी नदींत येतें. दोन्ही चालले कीं त्याच्या दुप्पट. उन्हाळ्यांत कांठच्या उंसास पाणी हवें असतें, आणि विजेची मागणीही वाढलेली असते. म्हणून वैशाखांत केरा कोरडी असतां कोयना भरलेली असते. तें पाणी खोल जलाशयाच्या खालच्या थरांतून येतें, म्हणून तें इतकें थंड.

मातोश्रींच्या लहानपणीं नदी वैशाखांत वाढे ती वळवाच्या पावसानें. तेव्हां आधीं पश्चिमेस ढग चढत, वारा सुटे, पाणी गढूळ होई, पालापाचोळा वाहत येई. नदी स्वतःच सूचना देई. आतां ती स्वच्छ आकाशाखालीं, निर्मळ पाण्यानें, मुकाट्यानें चढते. पाणी सोडणें हा शेतकऱ्याच्या उपयोगाचा नित्याचा व्यवहार आहे. त्यांत दोष कोणाचा नाहीं. विचारून उतरणें हें आमचें काम होतें आणि तें आम्हीं केलें नाहीं. साठ वर्षांपूर्वींच्या नदीची माहिती घेऊन आम्ही आजच्या नदींत उतरलों, एवढाच आमचा अपराध, पण तो मुलाच्या जिवावर बेतला होता.

आतां जागा कशी निवडावी तें सांगतों. प्रथम माणसें निवडावीं, मग पाणी. नदीची खरी खबर दोघांजवळ असते. एक म्हणजे रोज धुणें धुणाऱ्या बायका. दुसरे, कांठावर पंपाच्या मोटारी बसविलेले शेतकरी. पाणी वाढलें कीं मोटार वर ओढावी लागते, म्हणून पाणी केव्हां सुटणार याकडे त्यांचें लक्ष असतें. या दोघांपैकीं कोणीही 'आज नको' म्हटलें तर निमूटपणें डबे घेऊन झाडाखालीं बसावें. उतरल्यावरही पाण्याच्या कडेस काटकी रोंवावी आणि दर थोड्या वेळानें ती पाहावी. आम्हांस या सबंध प्रवासांत मिळालेली सर्वांत मोलाची विद्या हीच.

दुसरें, वळण पाहावें. नदी वळते तेथें बाहेरच्या कांठास प्रवाह जोरानें घासतो, दरड तुटते आणि खोल डोह होतो. आंतल्या कांठास प्रवाह मंद होऊन वाळू व गोटे टाकतो, त्यामुळें तळ हळूहळू उतरत जातो. मुलांकरितां नेहमीं आंतला कांठ घ्यावा. डोह रमणीय खरे. अंगापूरच्या कृष्णेच्या डोहांत समर्थांस रामाची मूर्ति सांपडली अशी परंपराच आहे. पण डोहांत काय आहे तें वरून दिसत नाहीं हाच त्या कथेचाही अर्थ घेतां येईल.

तिसरें, तळ चालून पाहावा. एका मोठ्या माणसानें लांब काठी घेऊन, ज्या भागांत मुलें खेळणार तो सारा भाग आधीं फिरावा. पूर्वीं वाळूचा तळ म्हणजे निर्धास्त, असें समजत. जेथें वाळूचा उपसा झालेला असतो तेथें आज गुडघाभर पाण्याच्या पुढच्याच पावलास पुरुषभर खड्डा असूं शकतो, आणि वरून पाणी सारखेंच दिसतें. खालच्या अंगास काय आहे तेंही पाहावें. खालीं कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा असेल तर त्याच्या जवळपास फिरकूं नये. बंधाऱ्यावरून पडणारें पाणी पायथ्याशीं उलटें फिरतें आणि त्यांत सांपडलेल्यास पुन्हां पुन्हां आंत ओढतें. पट्टीच्या पोहणाऱ्याचेंही तेथें चालत नाहीं.

चौथें, पाण्याची शुद्धता. स्वच्छ दिसणारें पाणी शुद्ध असतेंच असें नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें उघड्यावरील स्नानाच्या पाण्यास 'ब' वर्ग ठरविला आहे. त्यांत शंभर मिलिलिटर पाण्यांत कोलिफॉर्म जंतूंची संख्या ५०० च्या आंत असावी आणि लिटरमागें निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असावा, असें सांगितलें आहे. ही परीक्षा घरीं होणार नाहीं. परंतु तिचें तत्त्व घरगुती आहे. गांवाच्या वरच्या अंगास स्नान करावें, खालच्या अंगास नव्हे. ओढा किंवा गटार मिळतें त्याच्या खालीं, आणि जेथें गुरें बसतात तेथें, उतरूं नये. पहिल्या पावसानंतर चार दिवस नदी वर्ज्य समजावी, कारण साऱ्या शिवाराची घाण तेव्हां तिच्यांत येते. अंगावर उघडी जखम असेल त्यानें कांठींच बसावें, आणि कोणींही पाणी तोंडांत घेऊं नये.

पांचवें, राखण. परदेशांत तलावांच्या कांठीं पोहण्यासाठीं राखलेल्या वाळवंटांची चाल आहे. तेथें तरंगत्या दोरांनीं हद्द आंखलेली असते आणि पुष्कळ ठिकाणीं उंच बैठकीवर राखणदार बसतो. युरोपांत तर २००६ च्या एका कायद्यानें स्नानाच्या मोसमांत पाण्याची जंतुपरीक्षाही सक्तीची केली आहे. आपल्या नदीकांठीं हें कांहींच नाहीं. तेव्हां राखणदार आपणच व्हावयास हवें. घरांतील एका जाणत्या माणसानें पाण्यांत उतरावयाचें नाहीं आणि वाचावयाचेंही नाहीं. त्यानें फक्त मुलें मोजावयाचीं. दर अर्ध्या तासानें हें काम दुसऱ्यानें घ्यावें. जवळ एक लांब दोर आणि झांकण घट्ट लावलेला एखादा मोठा रिकामा डबा असावा. बुडणारें माणूस बहुधा ओरडत नाहीं, कारण त्याला श्वासच पुरत नाहीं. त्याच्यामागें उडी टाकणारा दुसरा बळी होतो; म्हणून आधीं दोर, काठी, लुगडें, जें हातीं लागेल तें टाकावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं. त्यांतील किती जणांच्या घरीं आदल्या रात्रीं आमच्यासारखीच सभा भरली असेल!

आणि शेवटची गोष्ट, जी लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतणीनें पुण्यांत पोहावयास शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हां "मुलीला त्याची काय गरज?" असें म्हणणारे घरांत आम्हीच होतों. मातोश्रींनीं आमचें कांहीं न ऐकतां तिचें नांव घातलें. नऊ वर्षांच्या ज्या मुलीला आजोबांनीं सांगड बांधून दिली तिच्या नातीसाठीं आम्हीं आडकाठी करावी, म्हणजे सुधारणा पुढें जाते कीं मागें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. पुतणीचें म्हणणेंही ऐकण्यासारखें आहे. ती म्हणाली, "हौदांतलें पाणी मला धरून ठेवतें, हें मला ओढून नेत होतें." म्हणजे हौदांत शिकलेल्यानेंही नदीपुढें नम्र असावें. पण शिकावें प्रत्येकानें, मुलींनीं आणि सुनांनींही.

चार दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों. जावें कीं नाहीं यावर घरांत वाद झाला. परंतु भीति घेऊन मुलें पुण्यास परत गेलीं तर तीं जन्मभर पाण्यास पाठ फिरवितील असें मातोश्रींचें मत पडलें. जातांना प्रथम त्यांनीं त्या बाईच्या घरीं जाऊन नवें लुगडें आणि नारळ दिला, आणि दोघीजणी उतारावरच्या जुन्या गोष्टी बोलत बराच वेळ बसल्या. या खेपेस मामा बरोबर होते. त्यांनीं दोघां शेतकऱ्यांस विचारलें, पाण्याची बातमी घेतली, आणि गांवाच्या वरच्या अंगास एका वळणाचा आंतला कांठ निवडला. अप्पांनीं काठीनें सारा तळ फिरून पाहिला आणि दोर लावून हद्द बांधली. मुलें त्या हद्दींत दहा वाजेपर्यंत मनसोक्त डुंबलीं. मातोश्री पुतणीचा हात धरून गळ्याइतक्या पाण्यांत गेल्या, आणि साठ वर्षांनीं उताण्या होऊन तरंगल्या. आम्ही त्या दिवशीं वर्तमानपत्र घरींच ठेविलें होतें.

धाकटा पुतण्या मात्र पाण्याकडे येईना. तेव्हां मामांनीं त्याच्या हातांत एक काटकी दिली आणि सांगितलें, "तूं खुंट्याचा राखणदार. पाणी हललें कीं ओरडायचें." त्यानें ती काटकी अगदीं पाण्याच्या कडेस रोंवली आणि तिच्यापाशीं बसून राहिला. दर पांच मिनिटांनीं तो मोठ्यानें सांगे, "आहे तेथेंच आहे!" नवाच्या सुमारास आम्हीं पाहिलें, तों त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यांत होते. आम्ही कांहीं बोललों नाहीं. यंदाही आम्ही पाटणास जाणार आहों. तेव्हां ते गुडघ्यापर्यंत जातील अशी आशा आहे.